अकरा पानांचा अर्ज

तुळजापूर,
१२ जुलै १९५९

चि. प्रेमलास विष्णूमामाचे आशीर्वाद. आक्काच्या गुडघ्याला आराम असेल. नसेल तर तिला सांग, धाकटा भाऊ विचारत होता.

तू लिहिलंस की तुमच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर घ्यायचे आहेत आणि अर्ज सप्टेंबरअखेर पोचायला हवेत. आमच्या राघवेंद्रनं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की त्याच्या काळ्या बोटांखाली अर्धा मजकूर गेला. उरलेला अर्धा मी वाचला.

आपल्या घराचं काम तुला माहीत आहे. देवीच्या यात्रेकरूंना उतरून घ्यायचं, त्यांची पूजा सांगायची, आणि वहीत त्यांच्या गावाच्या पानावर नाव लिहून ठेवायचं. कोण, कुणाचा कोण, कोणत्या शकात आला. सात पिढ्या हे चाललंय. आणि आमचे चिरंजीव अणदूर-नळदुर्गाकडं विहिरींवरची ऑइल इंजिनं खोलत हिंडतात. परवा बार्शीचे यजमान दारात उभे होते. ह्यानं ग्रीसनं माखलेला हात पुढं करून म्हटलं, "या, बसा." ते बसले नाहीत.

म्हणून मी मुदत घातली आहे. घटस्थापनेच्या आत नोकरी लागली तर त्यानं खुशाल पुण्याला जावं. नाही लागली तर घट बसतील त्या सकाळी वही त्याच्या हातात ठेवणार. आणि एकदा वही हातात घेतली की आपल्याकडं ती मरेपर्यंत सोडत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. "बरं," म्हणाला. हा मुलगा "बरं"च्या पुढं जात नाही.

अर्ज मी स्वतः लिहिला आहे, सोबत जोडतो. निजामाच्या अमलात अर्ध्या तालुक्याच्या अर्ज्या माझ्या हातच्या असायच्या. एका अर्जीवर खुद्द कचेरीतल्या पेशकारानं डोळे पुसले होते. पानं अकरा झाली आहेत. तुमच्या साहेबांना सकाळी दे, मन शांत असताना.

तुझा,
विष्णूमामा

पुणे,
२१ जुलै १९५९

ती. विष्णूमामांना प्रेमलाचा नमस्कार, आणि नमस्काराच्या पाठोपाठ एक तक्रार.

आधी आईचा निरोप. ती म्हणते, "विष्णूला म्हणावं, गुडघा पत्रानं बरा होत नाही. ये की एकदा." तो पोचवला. आता अर्ज.

मामा, मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या तीन पानांत सात पिढ्या झाल्या. चौथ्या-पाचव्या पानावर रझाकारांच्या दिवसांत वहीची पेटी कडब्याच्या गंजीत कशी लपवली ते आलं. तिथं आई रडली. राघवेंद्र सातव्या पानावर जन्मला, नवव्यावर त्याला गोवर निघाला, आणि अकराव्या पानावर तो "सुस्वभावी व निर्व्यसनी" आहे असं म्हणून अर्ज संपला. इंजिन हा शब्द एकदाही आला नाही.

आमचे मंचरकर साहेब अर्ज उभ्यानं वाचतात. एका हातात चहाची कपबशी असते. चहा संपेपर्यंत जेवढे होतील तेवढे अर्ज त्या दिवशी वाचायचे. मी तीन वर्षं त्यांच्याच खोलीबाहेर टाइपरायटर बडवतेय, मला माहीत आहे. त्यांना एकच गोष्ट हवी असते: हा माणूस सोमवारी सकाळी यंत्रासमोर उभा केला तर काय करील?

तेव्हा एक पान. सगळ्यात अलीकडचं काम सगळ्यात वर. कुठलं यंत्र, काय बिघडलं होतं, ह्यानं काय केलं, आणि नंतर ते चाललं का. सोलापूरच्या वर्कशॉपातली तीन वर्षं त्याखाली. शिक्षण शेवटी, एका ओळीत. मेहनती, प्रामाणिक, निर्व्यसनी ह्यातलं काही नको. आतापर्यंत चारशे अर्ज आले आणि चारशेही निर्व्यसनी आहेत. मग कारखान्यासमोरची पानाची टपरी कुणाच्या जिवावर चालते, देव जाणे.

मराठीत लिहा, इंग्रजी करून टाइप मी करीन. पण एकच पान, मामा.

तुमची,
प्रेमला

तुळजापूर,
६ ऑगस्ट १९५९

चि. प्रेमला,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र वाचून मी राघवेंद्रला म्हटलं, पोरगी पुण्याचं पाणी पिऊन तोडून बोलायला शिकली. तो म्हणाला, "बरोबर लिवलंय की तिनं." चार महिन्यांत एवढं मोठं वाक्य तो बोलला नव्हता.

तुझा शब्द मोडवेना, म्हणून अकराची चार पानं केली. गोवर काढला. मौंज ठेवली. तुझ्या एका पानात माणूस मावत नाही ग. त्यात त्याचे दोन्ही हात मावतील फार तर.

पण तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीनं माझी झोप उडवली. साहेबांचं नाव मंचरकर! मी वहीतलं मंचरचं पान काढलं. शके १८००, चैत्र. गणेशपंत मंचरकर, सहकुटुंब, सासूबाईंसह चार दिवस आपल्याकडं उतरले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना पोटशूळ उठला. माझ्या आजीनं ओव्याचा काढा करून दिला, तेव्हा उठून बसले आणि नवस बोलले की पुढल्या वर्षी येऊन देवीच्या दीपमाळेला तेल घालीन. पुढल्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढल्याही आले नाहीत. वहीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे सगळं मी अर्जाच्या सुरुवातीलाच घातलं आहे. साहेब घरचेच निघाले म्हटल्यावर तुला कशाला मध्ये त्रास द्यायचा? म्हणून अर्ज थेट त्यांच्याच नावे टपालानं धाडला. सोबत कुंकू आणि अंगारा.

विष्णूमामा

पुणे,
१७ ऑगस्ट १९५९

ती. मामांना नमस्कार.  रागवावं की हसावं, ते पत्र संपल्यावर ठरवीन.

मंगळवारी साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांनी तुमचं पाकीट टेबलावर उलटं करून फाडलं होतं. खाली नव्या इंजिनाचा निळा नकाशा पसरलेला. मामा, तुमच्या कुंकवानं तो नकाशा सौभाग्यवती झाला. साहेबांच्या कोटाच्या बाहीला अंगारा लागलेला. ते मला म्हणाले, "प्रेमलाबाई, ही ओव्याच्या काढ्याची काय भानगड आहे?"

मी पदरानं नकाशावरचं कुंकू पुसायला लागले. दाराबाहेर हेडक्लार्क, दोन ड्राफ्ट्समन आणि चहावाला कान लावून उभे होते. तेव्हापासून कचेरीत कुणाचं पोट दुखलं की सगळे माझ्याकडं बघतात.

साहेब चांगले म्हणून निभावलं. त्यांनी तो कागद घरी नेऊन आईला दाखवला. त्यांच्या आईनं म्हणे आठवडाभर जेवताना दुसरा विषय काढला नाही. सासऱ्यांचा राहिलेला नवस! पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "ते सगळं ठीक. मुलाला येतं काय?" मी तुमची चारही पानं उलटसुलट केली. मौंज सापडली. काम सापडलं नाही. "पाहून सांगते," म्हटलं. हेडक्लार्कनं तो अर्ज लग्नपत्रिकांच्या फाइलीत लावून टाकला.

वशिल्यानं साहेबांच्या घरी देवीचा फोटो लागेल, नोकरी लागणार नाही. सप्टेंबर संपायला सहा आठवडे आहेत. राघवेंद्रलाच लिहू द्या, तुम्ही हात लावू नका.

ठरलं. हसूच येतंय. पण रागही आहे.

प्रेमला

तुळजापूर,
३० ऑगस्ट १९५९

प्रेमलाताईस नमस्कार.

बाबा देवळात गेलेत तोवर लिहितो. तू म्हणतेस तसा अर्ज मी लिहून बघितला. असा झाला:

"इंजिन दुरुस्त करतो. लेथ येते. काम असल्यास कळवावे."

पुढं सुचत नाही. आपलंच आपण कसं लिहायचं, मी अमुक केलं न् तमुक केलं? केलं ते इंजिनाला ठाऊक. महांतप्पाच्या विहिरीवरचं इंजिन चालू झालं तेव्हा तो पेढे वाटत सुटला, मला मान वर करवेना.

आणखी एक. बाबांवर चिडू नकोस. ते रोज संध्याकाळी अर्जाला बसतात आणि मला समोर बसवतात. मग लहानपणचं विचारतात. गोवर कुठल्या साली निघाला, ते आम्ही दोन दिवस दोघं मिळून आठवत होतो. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यामागं आम्ही घरात एवढं कधी बोललो नव्हतो. आता त्यांना कुठल्या तोंडानं म्हणू, की पुरे करा?

मला यायचंय, ताई. लई यायचंय. नट हातात घेतला की मला त्याचा आटा कळतो, वही हातात घेतली की काही कळत नाही. पण घट बसायच्या आत जमलं नाही तर वही घेईन. बाबांना तसं म्हटलंय.

हे पत्र आल्याचं त्यांना कळवू नकोस.

राघवेंद्र

पुणे,
८ सप्टेंबर १९५९

ती. मामांना नमस्कार.

आज चेष्टा करत नाही. मला कुणी काही कळवलेलं नाही, जे लिहिते ते माझ्याच मनातलं.

आईच्या ट्रंकेत काल एक कागद सापडला. तीन वर्षांपूर्वी ह्याच कारखान्यात मी टायपिस्टच्या जागेसाठी अर्ज केला, त्याची तुमच्या हातची नक्कल. मी रडत बसले होते, मला काय येतं म्हणून. तुम्ही एका बैठकीत लिहून दिलात. मी तो आज पुन्हा वाचला. पाऊण पान आहे. मिनिटाला किती शब्द, कुठल्या यंत्रावर, सोलापूरच्या वकिलाकडं दीड वर्षात काय काय टाइप केलं, आणि वकिलांनी एकदाही कागद परत केला नाही ही शेवटची ओळ. माझी एकही पिढी त्यात नाही. माझा गोवर नाही.

तेव्हा तुम्हाला असा अर्ज लिहिता येत नाही, हे कसं मानू? माझ्यासाठी आलाच की. पोटच्या मुलासाठी येत नाही, कारण तो अर्ज चांगला झाला तर घर रिकामं होणार.

लहान तोंडी मोठा घास घेतला, मामा. पण तुम्हीच मला शिकवलंत की अर्जात खरं असेल ते पहिल्या ओळीत लिहावं.

प्रेमला

तुळजापूर,
२२ सप्टेंबर १९५९

चि. प्रेमला,

चौदा दिवस उत्तर दिलं नाही. पहिले चार दिवस तुझ्यावर रागावलो होतो. पुढले चार आक्कावर, ट्रंकेत कागद साठवते म्हणून. मग रागवायला कुणी उरलं नाही.

आणि राघवेंद्रनं तुला पत्र लिहिलं ते मला ठाऊक आहे. माझ्या दौतीच्या झाकणावर ग्रीसचं बोट उमटलं होतं.

तुझं म्हणणं खरं आहे. मी जाणूनबुजून केलं असं नाही म्हणणार. पण लेखणी हातात घेतली की कामाचं सोडून दुसरंच सुचायचं आणि मी ते सुचू द्यायचो. पान वाढलं की संध्याकाळ वाढायची. आता त्याचं काम लिहायला बसलो तर कळलं, मला ते माहीतच नाही. सात पिढ्यांचे यजमान पाठ आहेत, मुलगा दिवसभर काय करतो ते पाहिलं नव्हतं.

म्हणून गेल्या गुरुवारी त्याला न सांगता सकाळच्या एस.टी.नं अणदूरला गेलो. महांतप्पाच्या मळ्यात हा चालू इंजिन तपासत उकिडवा बसला होता, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून, तापलेल्या मुलाच्या ठेवतात तसा. मला बघून उठला नाही. "बाबा, पाच मिनिटं," म्हणाला. मला! आणि मी बांधावर मुकाट्यानं बसलो.

महांतप्पा मला म्हणाला, "पंत, तुमच्या पोराचा हात लई गुणाचा हाय. म्हागं माझं ह्येच इंजिन अर्धा तास चालायचं न् बंद पडायचं. म्या दोन मेस्तरी आणले. एकानं पंप खोलला, दुसऱ्यानं माझा जीव खोलला. इंजिन काय चालू ऱ्हायना. मग ह्यो आला. कशाला हात लावला न्हाय, पयलं मला इचारलं, बंद पडाय लागलं त्याच्या आदी काय केलं हुतं? म्या म्हनलं, खंडोबाचा भंडारा लावून पूजा केली. व्हय म्हनला न् तेलाच्या टाकीचं झाकण काढलं."

त्या झाकणाला एक बारीक भोक असतं म्हणे. महांतप्पानं भक्तीनं भंडारा असा थापला होता की ते बुजून गेलं. राघवेंद्रनं सुईनं मोकळं केलं. तेव्हापासून आठ महिने इंजिन एकदाही थांबलेलं नाही. मी त्याला विचारलं, एवढ्याशा भोकानं काय होतं? तो म्हणाला, "वरून हवा आत गेली न्हाय, तर खालून तेल उतरत न्हाय, बाबा. झाकण लई घट्ट असून चालत न्हाय."

तो इंजिनाचंच बोलत होता. पण मी परत येताना सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसलो.

अर्ज खाली लिहितो. एका बैठकीत झाला.

"अर्जदार राघवेंद्र विष्णुपंत, वय २३. गेली दोन वर्षे अणदूर व नळदुर्ग भागातील विहिरींवरच्या सव्वीस ऑइल इंजिनांची देखभाल. अर्धा तास चालून बंद पडणारे एक इंजिन दोन कारागिरांनी पंप खोलूनही दुरुस्त झाले नव्हते. अर्जदाराने टाकीच्या झाकणाचे बुजलेले हवेचे भोक शोधून, एकही भाग न बदलता ते सुरू केले. आठ महिने अखंड चालू. झिजलेल्या बुशिंगा स्वतः लेथवर करून बसवतो. त्यापूर्वी तीन वर्षे सोलापूर येथील वर्कशॉपमध्ये लेथ व फिटिंग. शिक्षण मॅट्रिक. काम चालू असता वडील आले तरी उठत नाही."

शेवटची ओळ काढायची असली तर काढ. मला काढवली नाही.

विष्णूमामा

पुणे,
३० सप्टेंबर १९५९

ती. मामा,

तार पोचलीच असेल, आणि उद्या राघवेंद्रही पोचेल. तो काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

शेवटची ओळ मी काढली नाही. इंग्रजीत ती जरा विचित्र झाली, पण राहू दिली. साहेबांनी अर्ज उभ्यानं वाचायला घेतला आणि मध्येच खुर्ची ओढून बसले. मग मला हाक मारली, "ह्याला सोमवारी बोलवा."

सोमवारी मी दाराशी फायली चाळत उभी होते, म्हणजे ऐकत होते. साहेबांनी विचारलं, "इंजिन बंद पडलं तर आधी काय खोलतोस?" आपला पठ्ठ्या म्हणाला, "काहीच नाही. आधी मालकाला विचारतो, बंद पडायच्या आधी काय केलं होतं." साहेबांनी कपबशी खाली ठेवली. मामा, तीन वर्षांत मी त्यांना चहा अर्धा टाकताना पाहिलं नव्हतं.

१९ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, त्याला यंत्रासमोर उभं राहायचं आहे. तोपर्यंत नवरात्र आणि पौर्णिमेची जत्रा तो तुमच्याजवळ करील.

त्याच्याबरोबर तेलाचा एक डबा येतो आहे. तो इंजिनाचा नाही, साहेबांच्या आईंनी दिला आहे. दीपमाळेसाठी. सासऱ्यांच्या नावानं घाला म्हणाल्या, आणि उशिराबद्दल देवीची माफी मागा.

आई म्हणते, आता विष्णूला पुण्याला यायला निमित्त झालं, गुडघ्यासाठी तर आला नाही.

प्रेमला

तुळजापूर,
१७ ऑक्टोबर १९५९

चि. प्रेमला,

राघवेंद्र आत्ताच एस.टी.त बसला. त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पाने जास्त आहेत. पाने कागदी की लोखंडी, ते उचलताना तुला कळेल.

घट बसले त्या सकाळी मी वही काढली होती. म्हटल्याप्रमाणं त्याच्यापुढं ठेवलीही. त्यानं हात पुढं केले, घ्यायला. नोकरीचा कागद खिशात असताना! मी म्हटलं, "घ्यायची नाही, नुसती उघड." आणि पुण्याचं पान काढलं.

वहीत आपल्या घरातल्या कुणाचं नाव आजवर नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांचीच वही ती. मी लिहिलं: शके १८८१, राघवेंद्र विष्णुपंत, इंजिन फिटर, वस्ती पुणे. लिहिताना अक्षर हललं. सात पिढ्यांत एवढं वाईट अक्षर त्या वहीत कुणाचं नसेल. रीतीप्रमाणं त्याची सही घेतली, तर सहीशेजारी काळा अंगठाही उमटला. पुसायला गेला, मी पुसू दिला नाही.

मग रीतीप्रमाणंच विचारलं, "यजमान, पुन्हा येणं कधी?" लोक ह्यावर काहीबाही सांगतात. पुढल्या चैत्रात म्हणतात, देवीची इच्छा म्हणतात. ह्यानं वही स्वतःकडं ओढली आणि लिहिलं, "दिवाळीला."

दिवाळी पंधरा दिवसांवर आहे, प्रेमला. आज स्टँडवर मी एवढं रडायला नको होतं. कंडक्टरनं विचारलं, "पंत, पोरगं लढाईवर चाललंय का?"

गणेशपंत मंचरकरांचं तेल काल पौर्णिमेला दीपमाळेत घातलं आणि त्यांच्या पानावर तशी नोंद केली. साहेबांच्या आईंना कळव. वहीत एकदा नाव आलं की माणूस परत येतो, कुणी पंधरा दिवसांनी, कुणी एक्क्याऐंशी वर्षांनी. माझा सगळा अनुभव विचारशील तर एवढाच आहे, आणि तो एका ओळीत मावतो.

तुझा,
विष्णूमामा